गुंजाल्याची लिपी आणि नियमपुस्तकाची फेरमांडणी

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, नारनूर मंडळात, गुंजाला नावाचे लहानसे गाव आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली काही हस्तलिखिते २००६ साली प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशात आणली. गोंडी भाषेची स्वतःची अशी एक लिपी आहे आणि गावातील मोजक्या वृद्धांना ती अजून वाचता येते, हे तेव्हा अभ्यासकांना कळले. ही हस्तलिखिते अठराव्या शतकाच्या मध्याची असावीत, असे मानले जाते. तोवर या परिसरात गोंडी लिहायची तर देवनागरी किंवा तेलुगू लिपीचाच आश्रय घेतला जाई. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४० च्या दशकात निजामी राजवटीत आदिलाबादच्या गोंड मुलांसाठी तयार झालेली वाचनपुस्तकेही देवनागरीतच होती.

पुढे या लिपीला ‘गुंजाला गोंडी’ हे नाव मिळाले आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत तिची ६३ चिन्हे समाविष्ट झाली. मध्य प्रदेशातील बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली रचलेली दुसरी गोंडी लिपी त्याच्या एक वर्ष आधी तेथे पोहोचली होती. युनिकोडमध्ये स्थान मिळाले की लिपी संगणकावर आली, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तेथून पुढचा प्रवास बराच लांबचा आहे, आणि त्याचा शेवटचा टप्पा ज्या कागदपत्रांवर अवलंबून असतो, त्यांची चर्चा फारशी कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ती कागदपत्रे हा आहे.

अक्षरापासून पडद्यापर्यंत

युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक क्रमांक देते. त्या क्रमांकाला दृश्य रूप देण्याचे काम फाँटचे. फाँट तयार झाला तरी तो वाचकाच्या यंत्रावर असावा लागतो. नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. संगणकाच्या जगात या चौकोनांना गमतीने ‘टोफू’ म्हणतात, आणि गूगलच्या ‘नोटो’ या फाँटसमूहाचे नाव ‘टोफू नको’ याच अर्थाने ठेवलेले आहे. या समूहात गुंजाला गोंडीचाही फाँट आहे. त्याचा परवाना मुक्त असल्याने तो कोणालाही वापरता, वाटता आणि सुधारता येतो.

परंतु फाँटची फाइल कोठेतरी संकेतस्थळावर पडून असणे आणि शाळेतील संगणक सुरू करताच ती अक्षरे दिसणे, यांत अंतर आहे. डेबियन, फेडोरा, उबुंटू यांसारख्या मुक्त प्रणालींत हे अंतर ‘पॅकेज’ भरून काढते. पॅकेज म्हणजे व्यवस्थित बांधलेले गाठोडे. डेबियनचे पॅकेज उघडले तर आत तीन वस्तू सापडतात: गाठोड्याच्या बांधणीची आवृत्ती सांगणारी एक छोटी फाइल, पॅकेजची माहिती असलेला एक गठ्ठा आणि प्रत्यक्ष फायलींचा दुसरा गठ्ठा. माहितीच्या गठ्ठ्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती, देखभाल करणाऱ्याचे नाव आणि ‘मी चालण्यासाठी आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात’ याची यादी असते.

डेबियनची स्थापना इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये केली. जगभरातील स्वयंसेवक ही प्रणाली चालवितात आणि २०२३ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी बांधलेली एवढी गाठोडी एकाच यंत्रावर सुखाने नांदायची, तर सर्वांनी काही नियम पाळायला हवेत: फाइल कोठे ठेवायची, नाव कसे द्यायचे, परवाना कोठे नोंदवायचा, जुनी आवृत्ती काढून नवी कशी बसवायची. या नियमांच्या संग्रहाला ‘डेबियन पॉलिसी मॅन्युअल’ म्हणतात. त्याचे मूळ १९९६ मधील असून इयन जॅक्सन आणि ख्रिस्तियन श्वार्त्स हे त्याचे आरंभीचे लेखक. सोयीसाठी आपण त्याला नियमपुस्तक म्हणू.

एका फाँटसाठी किती प्रकरणे?

समजा, उटनूरच्या एखाद्या तरुण शिक्षिकेने गुंजाला लिपीचा अधिक सुबक फाँट घडविला आणि तो डेबियनमध्ये घालावा असे तिला वाटले. तिचे प्रश्न साधे आहेत. पॅकेजला नाव काय द्यावे? फाइल कोठे ठेवावी? परवाना कोठे लिहावा? जुना फाँट आधीच असेल तर दोहोंचा मेळ कसा घालावा?

नियमपुस्तकात बारा प्रकरणे आहेत. परवान्याचे कलम शेवटच्या, म्हणजे दस्तऐवजांच्या प्रकरणात आहे. फायलींच्या जागांचे कलम नवव्या प्रकरणात, माहितीच्या रकान्यांचे पाचव्या आणि पॅकेजांच्या परस्परसंबंधांचे सातव्या प्रकरणात आहे. फाँटसाठी स्वतंत्र कलम आहे, परंतु ते अकराव्या प्रकरणातील ‘एक्स विंडो’ प्रणालीच्या विभागात दडलेले असून त्याचा बराचसा मजकूर जुन्या बिटमॅप फाँटांच्या काळातला आहे. आजच्या ओपनटाइप फाँटांची रीत फाँटांचे काम पाहणाऱ्या गटाच्या परिपाठात रुळलेली आहे. पॅकेजच्या नावाच्या आरंभी ‘टीटीएफ’ऐवजी ‘फाँट्स’ हा शब्द वापरण्याची पद्धत २०११ च्या सुमारास पडली, तीही अशीच गटाच्या कामातून.

यातील एकही नियम चुकीचा नाही. प्रत्येक कलम लिहिणाऱ्याने ते योग्य वाटले तेथेच ठेवले. मात्र पुस्तकाची रचना पॅकेजच्या अवयवांप्रमाणे झालेली आहे आणि वाचणारा येतो तो एखादे काम घेऊन. जाणकाराला याचा त्रास होत नाही, कारण त्याला कोणते कलम कोठे आहे हे पाठ असते. नवख्या माणसाला मात्र पाच ठिकाणे धुंडाळून, त्यांतले आजही लागू असलेले कोणते आणि कालबाह्य कोणते हे स्वतःच ठरवावे लागते. गुंजाल्याची लिपी वाचता येणारी माणसे मुळातच थोडी. त्यांतून जिला संगणकाचीही जाण आहे, अशी एखादी व्यक्ती या वळणावर कंटाळून परतली, तर तिच्या जागी दुसरी मिळण्याची शक्यता फार कमी असते.

दोन पुस्तकांचा तंटा

एकेकाळी डेबियनमध्ये दोन पुस्तके होती. एक धोरणाचे, दुसरे पॅकेज बांधण्याच्या साधनांचे. दोहोंत काही मजकूर सारखा, काही विसंगत. एखादी गोष्ट केवळ दुसऱ्या पुस्तकात असेल तर ती बंधनकारक की माहितीपर, याचा निर्णय होईना. आदिलाबादच्या वाचकाला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडळ आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका यांच्या सीमेवर अशी गावे आहेत, ज्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथील लोकांकडे दोन्हीकडच्या शिधापत्रिका असतात आणि मतदारयाद्यांतही नावे दोन्हीकडे असतात. योजना दुप्पट मिळाल्यासारखे वरवर दिसते. परंतु जमिनीचा पट्टा कोणाचा खरा, हा प्रश्न आला की दोन कागदांपैकी एकही निर्णायक ठरत नाही.

डेबियनने या शतकाच्या आरंभी दुसरे पुस्तक मोडीत काढून त्यातील कामाचा मजकूर धोरणाच्या पुस्तकात घेतला. जो मजकूर नीट बसेना तो परिशिष्टांत जसाच्या तसा ठेवला, आणि वर खुलासा लिहिला की हा भाग बहुतांशी धोरण नसून साधनांची माहिती म्हणून वाचावा. पुढे २०१७ मध्ये संपूर्ण पुस्तकाचे मूळ लिखाण जुन्या एसजीएमएल पद्धतीतून आधी डॉकबुक आणि मग ‘रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट’ या सुटसुटीत पद्धतीत आले. त्यामुळे दुरुस्ती सुचविणे कोणालाही सोपे झाले. ती परिशिष्टे मात्र अद्याप तेथेच आहेत. घर बदलताना ‘नंतर पाहू’ म्हणून माळ्यावर टाकलेल्या पेट्यांसारखी त्यांची अवस्था आहे. मजकुराचे स्वरूप बदलणे आणि मजकुराची फेरमांडणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे पहिल्याहून कितीतरी अवघड आहे, हे या उदाहरणावरून कळते.

विधी आणि अर्थवाद

हे काम अवघड का आहे, ते आपल्याकडच्या मीमांसाशास्त्रातील एका भेदाने चांगले उलगडते. मीमांसक वैदिक वाक्यांची वर्गवारी करतात. ‘अमुक करावे’ असे सांगणारे वाक्य म्हणजे विधी. ‘अमुक करू नये’ हा निषेध. आणि त्या कर्माची थोरवी वा पार्श्वभूमी सांगणारे वाक्य म्हणजे अर्थवाद. अर्थवाद निरुपयोगी नसतो, पण त्याला स्वतंत्र आज्ञेचे बळ नसते. तो विधीच्या सेवेत असतो. अर्थवादाला विधी समजले की नसलेले कर्म अंगावर येते, आणि विधीला अर्थवाद समजले की असलेले कर्म चुकते.

तांत्रिक नियमपुस्तकात नेमकी हीच गल्लत होते. एकाच परिच्छेदात एक आज्ञा, तिचे कारण, ती पाळण्याची कृती आणि ‘पूर्वी असे नव्हते’ हा इतिहास, असे चार पदर एकमेकांत गुंतलेले असतात. लिहिणाऱ्याला ते एकत्रच सुचतात, म्हणून तो एकत्र लिहितो. वाचणाऱ्याला एका वेळी त्यांतला एकच पदर हवा असतो. पायथन भाषेच्या पॅकेजांच्या जगात हा पेच वेगळ्या रूपात आला. तेथील नियम ‘पेप’ या नावाच्या प्रस्तावांतून ठरत आले आहेत. प्रस्ताव म्हणजे त्या वेळच्या युक्तिवादाची नोंद. काही काळाने नियम बदलतो, पण जुना प्रस्ताव नोंद म्हणून तसाच राहतो आणि नवखा वाचक त्यालाच नियम समजतो. म्हणून आता चालू नियम पॅकेजिंगच्या मार्गदर्शिकेत स्वतंत्र ठेवले जातात आणि जुन्या प्रस्तावाच्या आरंभी ‘अद्ययावत मजकूर तेथे पाहावा’ अशी सूचना असते. युक्तिवाद ज्याच्या त्याच्या जागी, नियम ज्याच्या त्याच्या जागी.

आज्ञेचे बळही सर्वत्र सारखे नसते. डेबियनच्या पुस्तकात इंग्रजी ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या शब्दांना पहिल्याच प्रकरणात निश्चित अर्थ दिलेले आहेत. ‘मस्ट’चा भंग झाला तर सामान्यतः ते पॅकेज त्या स्थितीत नव्या आवृत्तीत जाऊ शकत नाही. ‘शुड’चा भंग हा दोष खरा, पण त्यासाठी पॅकेज अडविले जातेच असे नाही. ‘मे’ म्हणजे ऐच्छिक.

हे पुस्तक मराठीत आणू पाहणाऱ्याला येथे एक मौजेची अडचण येते. आपल्या विध्यर्थात आज्ञा, सल्ला आणि इच्छा हे सारे एकाच प्रत्ययात मावते. ‘रोज फिरायला जावे’ हा सल्ला, ‘अर्ज विहित नमुन्यात करावा’ हा सरकारी हुकूम, आणि प्रत्यय एकच. म्हणून मराठी नियमपुस्तकाला आरंभीच ठरवून घ्यावे लागेल: ‘केलेच पाहिजे’ हे बंधन, ‘करणे योग्य’ ही शिफारस, ‘केले तरी चालेल’ ही मुभा, आणि नुसते ‘करावे’ त्या पुस्तकात कोठेही वापरायचे नाही. भाषेची सवय मोडून लिहिणे कानाला खटकेल. तरीही पॅकेज अडणार की सुटणार हे ज्या शब्दावर ठरते, तो शब्द संदिग्ध ठेवता येत नाही.

फेरमांडणी कशी करावी लागते

अशा पुस्तकाची फेरमांडणी करताना पहिले काम मोजदादीचे असते. प्रत्येक वाक्य वेगळे काढून ते नियम आहे, कृती आहे, कारण आहे की इतिहास, याची खूण करायची. ही खूण करतानाच अनेक वाक्यांबद्दल जाणकारांचेही एकमत होत नाही, असे आढळते, आणि पुस्तकातील खरी दुखणी तेथे सापडतात. मग एक नियम एकाच जागी ठेवायचा आणि इतरत्र त्याचा केवळ निर्देश करायचा. दोन ठिकाणी लिहिलेला नियम आज ना उद्या दोन प्रकारचा होतो.

दुसरे पथ्य विश्वासाचे आहे. मजकूर हलविणे आणि मजकुराचा अर्थ बदलणे ही कामे कधीही एकाच फेरीत करायची नाहीत. डेबियनमध्ये धोरणाचा अर्थ बदलायचा तर प्रस्ताव उघडपणे मांडावा लागतो आणि त्याला इतर विकासकांचे अनुमोदन मिळावे लागते. त्या प्रकल्पाचा एक संकेतही लक्षात घेण्यासारखा आहे: धोरणाने साधारणतः रुळलेल्या रीतीची नोंद करायची असते, नवी रीत लादायची नसते. फेरमांडणीच्या आडून एखादे ‘शुड’ गुपचूप ‘मस्ट’ झाले, तर कोणाचे तरी चालू पॅकेज एका रात्रीत दोषी ठरते. असे एकदा जरी झाले, तरी पुढच्या प्रत्येक स्वच्छतामोहिमेकडे लोक संशयाने पाहू लागतात.

तिसरी बाब पत्त्यांची. डेबियनमध्ये ‘लिंटियन’ नावाचे तपासनीस साधन आहे. ते पॅकेज वाचून दोष दाखविते आणि बऱ्याचदा नियमपुस्तकाच्या कलमाकडे बोट दाखविते. वर्षानुवर्षांच्या चर्चांत आणि दोषनोंदींत हेच कलमांचे क्रमांक विखुरलेले असतात. प्रकरणे वरखाली केली की हे सारे पत्ते चुकतात.

गंमत म्हणजे या अडचणीवरील उपाय पॅकेजच्या जगाने आधीच शोधलेला आहे. गोव्याच्या वाचकाला जवळचे उदाहरण घेऊ. रेड हॅटच्या आधाराने तयार झालेल्या ‘लोहित’ फाँटसमूहात पूर्वी मराठी, कोकणी, हिंदी यांचे फाँट वेगवेगळे होते. लिपी एकच असल्याने पुढे त्यांची ‘लोहित देवनागरी’मध्ये एकत्र बांधणी झाली. असे विलीनीकरण होते तेव्हा नव्या पॅकेजला जाहीर करावे लागते की ‘मी अमुक जुन्या पॅकेजांची जागा घेत आहे’. कधी जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेजही काही काळ ठेवले जाते. त्यात फाइल नसते, केवळ नव्या पॅकेजकडे जाण्याचा निर्देश असतो. त्यामुळे जुन्या नावाने शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. नियमपुस्तकातील कलमांनाही हीच वागणूक द्यायला हवी. कलम हलले तर जुन्या जागी ‘हे कलम आता तेथे आहे’ अशी एक ओळ उरली पाहिजे. जी शिस्त आपण फायलींना लावतो, तीच आपल्या शब्दांना लावण्याचा हा प्रश्न आहे.

चौथी बाब बदलांच्या हिशेबाची. डेबियनचे प्रत्येक पॅकेज आपण नियमपुस्तकाची कोणती आवृत्ती पाळतो हे नमूद करते, आणि पुस्तकासोबत प्रत्येक आवृत्तीत काय बदलले याची स्वतंत्र यादी असते. देखभाल करणाऱ्याला पुस्तक पुन्हा सगळे वाचावे लागत नाही. आपल्या आवृत्तीनंतरच्या नोंदी चाळल्या की पुरते. चांगल्या फेरमांडणीने वाचकाचा असाच वेळ वाचविला पाहिजे.

दार कोणासाठी उघडे?

मोठ्या भाषांच्या बाबतीत या साऱ्याचा फारसा परिणाम जाणवत नाही. इंग्रजीच्या फाँटचे पॅकेज एकाने सोडले तर दुसरा उचलतो. देवनागरीलाही आता पुष्कळ वाली आहेत. पण गुंजाला गोंडीसारख्या लिपीचा सारा भार चार-दोन माणसांवर असतो, आणि ती माणसे बहुधा संगणकतज्ज्ञ नसतात. ती शिक्षक असतात, हस्तलिखिते सांभाळणारी असतात, आपल्या आजोबांकडून अक्षरे शिकलेली असतात. त्यांच्यापाशी असलेले ज्ञान दुसऱ्या कोणापाशी नाही. एखादा जोडाक्षराचा आकार चुकला आहे, हे शहरात बसलेल्या पॅकेजकाराला कळणार नाही. ते नारनूर मंडळातील जाणत्या वाचकालाच कळेल. ती दुरुस्ती सर्वांच्या यंत्रांपर्यंत पोहोचायची तर त्याला किंवा त्याच्या विद्यार्थ्याला नियमपुस्तकातील आपल्यापुरती पाने सापडली पाहिजेत, आणि वाचून समजली पाहिजेत.

म्हणून अशा पुस्तकाची फेरमांडणी नीट झाली की नाही, हे ठरविण्याची कसोटी जाणकारांच्या समाधानात शोधू नये. जाणकार जुन्या मांडणीतही वाट काढीतच होते. ज्याने पूर्वी कधीही पॅकेज बांधले नाही अशा माणसाला एका फाँटपुरते नियम एकाच ठिकाणी मिळतात का, त्यांतले बंधनकारक कोणते हे त्याला कोणालाही न विचारता कळते का, आणि एका संध्याकाळीत त्याचे पहिले पॅकेज तपासनिसाच्या हाती देण्याजोगे होते का, एवढेच पाहावे. तसे झाले, तर गुंजाल्याच्या हस्तलिखितांतील अक्षरे उद्या एखाद्या आश्रमशाळेच्या पडद्यावर रिकाम्या चौकोनांऐवजी अक्षरे म्हणून उमटतील, आणि त्यांत काही चुकले तर ते सुधारणारा हातही त्याच शाळेतला असू शकेल.